सेंच्युरियन म्हणजे कॅप्टन की सुभेदार? रोमन आणि आजच्या लष्करी हुद्द्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमचं सैन्य हजारभर वर्षं टिकलं आणि तेवढ्या काळात कितीतरी वेळा बदललं. म्हणून आधी काळ ठरवून घेऊ. खाली वेगळं सांगितलेलं नसेल तिथे इ.स.च्या पहिल्या दोन शतकांतलं, म्हणजे पहिला सम्राट ऑगस्टस याच्यानंतरचं पगारी, कायमस्वरूपी सैन्य धरलं आहे. आजच्या बाजूला भारतीय सैन्य घेतलं आहे, कारण आपल्याला तेच हुद्दे ओळखीचे आहेत. शिवाय एका बाबतीत ते रोमच्या जास्त जवळ जातं. ती बाब पुढे येईलच.

फार खोलात नको. सेंच्युरियन म्हणजे आजचा कोण?

काम बघाल तर मेजर, माणूस बघाल तर सुभेदार.

इंटरनेटवरच्या बहुतेक तक्त्यांत ‘सेंच्युरियन = कॅप्टन’ असं सापडतं. ते तक्ते अमेरिकी सैन्य डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. तिथे कंपनी कॅप्टनच्या हाताखाली असते, आपल्याकडे ती मेजर सांभाळतो. सेंच्युरियनच्या हाताखाली ऐंशी माणसं, म्हणजे लहानशी कंपनीच, त्यामुळे कामापुरती ही बरोबरी चालते.

पण कॅप्टन किंवा मेजर अकादमीतून थेट अधिकारी म्हणून येतो. सेंच्युरियन बहुतेकदा शिपाई म्हणून भरती झालेला, पंधरा-वीस वर्षं खंदक खणून आणि पहारे देऊन वर आलेला असे. शिपाई त्याला वरच्या साहेबांपेक्षा जास्त टरकत, आणि नवीन आलेला खानदानी अधिकारी अडला की हळूच त्यालाच विचारे. हा माणूस आपल्याकडे कोण, हे ज्यांच्या घरात कुणी फौजेत होतं त्यांना सांगायला नको. तो सुभेदारसाहेब. फरक एवढाच की आपल्या सुभेदाराकडे प्लाटून असते आणि कंपनीचा निर्णय मेजर घेतो. रोमन सुभेदाराच्या डोक्यावर मेजर नव्हताच.

सेंच्युरियनकडे शंभर माणसं असायची ना? नावातच शंभर आहे.

नावात आहे, तंबूत नव्हती. एका तंबूत आठ जण राहत, त्या गटाला काँट्युबर्नियम म्हणत. असे दहा तंबू मिळून एक सेंच्युरी, म्हणजे ऐंशी. सहा सेंच्युऱ्यांची एक कोहोर्ट, ४८० जणांची. दहा कोहोर्टची एक लीजन. पहिली कोहोर्ट मात्र मानाची: तिच्यात पाचच सेंच्युऱ्या, पण प्रत्येक दुप्पट मोठी.

मग लीजन म्हणजे ब्रिगेड की डिव्हिजन?

मधलंच काहीतरी. लीजन पाच हजारांच्या थोडी वर, त्यात १२० घोडेस्वार निरोप्याचं आणि टेहळणीचं काम करणारे. आपली ब्रिगेड साधारण तीन हजारांच्या पुढे, डिव्हिजन पंधरा हजारांच्या आसपास. आकड्याने लीजन ब्रिगेडला जवळ आहे. पण तिच्याकडे स्वतःचे दगडफेकी यंत्रं चालवणारे, पूल बांधणारे, मोजणीदार, वैद्य आणि लोहार असत. कुणाच्या मदतीशिवाय महिनोन्‌महिने लढायची तिची तयारी असे, आणि हा स्वभाव डिव्हिजनचा. लीजनच्या प्रमुखाला ‘ब्रिगेडियर किंवा मेजर जनरल’ असं दुहेरी उत्तर मिळतं ते यामुळेच.

कोहोर्टला लोक बटालियन म्हणतात. आकडा आपल्या आठशेच्या बटालियनपेक्षा बराच लहान आहे, ते सोडून देऊ. त्याहून विचित्र गोष्ट अशी की लीजनमधल्या कोहोर्टला स्वतंत्र कमांडर असल्याचा स्पष्ट पुरावा नाही. सहा सेंच्युरियनांतला ज्येष्ठ तो, पिलस प्रायर, पुढाकार घेत असावा असा अभ्यासकांचा तर्क आहे. थोडक्यात, आजच्या सैन्यात ज्या पदाला सगळ्यात जास्त वजन, त्या बटालियनच्या सीओची (कमांडिंग ऑफिसरची) खुर्ची रोमन लीजनमध्ये जवळजवळ रिकामी होती.

लीजनचा प्रमुख लेगाटस. तो तरी खराखुरा जनरल होता ना?

अधिकाराने होता. पण त्याची कारकीर्द पाहिली की आजचा कुठलाही फौजी हसेल.

लेगाटस हा सिनेटर घराण्यातला. विशीच्या आसपास वर्षभर किंवा थोडा अधिक काळ ट्रिब्यून म्हणून सैन्यात काढायचा. मग रोमला परत जाऊन खजिना, न्यायदान, शहरातली पदं अशी पायरी-पायरीने चढायची. तिशी ओलांडली की सम्राट एखादी लीजन हातात देई, साधारण तीन वर्षांसाठी. मधल्या दहा वर्षांत त्याने तलवार हातात धरली असेलच असं नाही.

व्हेस्पासियन पुढे सम्राट झाला. इ.स. ४३ मध्ये ब्रिटनवर स्वारी झाली तेव्हा तो दुसऱ्या ऑगस्टा लीजनचा लेगाटस होता, वय तेहतीस-चौतीस. त्या वयात आपल्याकडचा अधिकारी मेजर असतो. ब्रिगेड हातात यायला त्याला अजून बारा-पंधरा वर्षं लागतात, आणि त्या काळात तो दुसरं काही करत नाही.

म्हणून मला लेगाटससाठी जनरलपेक्षा आयएएस अधिकारी जवळचा वाटतो. आज आरोग्य खातं, उद्या पाटबंधारे आणि परवा लीजन. प्रांताचा सुभेदारही (इथे जुन्या अर्थाने, म्हणजे गव्हर्नर) अशाच लोकांतून येई. त्याच्या प्रांतात दोन-तीन लीजन असतील तर त्या सगळ्यांचा वरिष्ठ सेनापती तोच. म्हणजे राज्यपाल आणि आर्मी कमांडर एकाच अंगरख्यात.

इजिप्त अपवाद होता. तिथलं धान्य रोमला पोसत होतं, तेव्हा एखादा महत्त्वाकांक्षी सिनेटर तिथे बसला तर राजधानीची उपासमार करू शकेल अशी ऑगस्टसला धास्ती होती. त्याने सिनेटरांना त्या प्रांतात परवानगीशिवाय पाऊल टाकायलाही बंदी केली. तिथल्या लीजनवर सिनेटरांच्या खालोखालच्या, म्हणजे इक्वेस्ट्रियन या प्रतिष्ठित वर्गातले प्रिफेक्ट (नेमलेले प्रमुख) असत.

ट्रिब्यून म्हणजे कर्नल का?

तक्त्यांत असतो खरा. पण एका लीजनमध्ये सहा ट्रिब्यून, आणि सहाही एका माळेचे मणी नव्हेत.

त्यांतला एक सिनेटरपुत्र. अंगरख्यावर रुंद जांभळी पट्टी, वय विशीच्या आसपास, अनुभव शून्य. तरीही कागदोपत्री लेगाटसनंतर तोच, म्हणजे लीजनचा उपप्रमुख. याला आजच्या सैन्यात जोडच नाही. मिसरूड फुटलेल्या नवख्या लेफ्टनंटला ब्रिगेडचा डेप्युटी कमांडर केलंय अशी कल्पना करा.

उरलेले पाच अरुंद पट्टीचे, इक्वेस्ट्रियन घरातले. यांतल्या बऱ्याच जणांनी आधी पाचशे माणसांची एखादी साहाय्यक (नागरिकत्व नसलेल्या प्रांतीयांची) तुकडी सांभाळलेली असे. ते रसद, तंटे-निवाडे, पहाऱ्याची व्यवस्था, हजेऱ्या बघत. मुख्यालयातले स्टाफ ऑफिसर, मेजर किंवा लेफ्टनंट कर्नल, हे त्यांचं आजचं रूप.

हे पद कसं मिळायचं, याचा एक किस्सा धाकटा प्लिनी या रोमन सिनेटर-लेखकाच्या पत्रांत आहे. त्याने वशिला लावून आपला मित्र स्वेटोनियस (पुढे बारा सीझरांची चरित्रं लिहिणारा तोच) याला ट्रिब्यूनचं पद मिळवून दिलं. स्वेटोनियसला ते नको होतं. त्याने प्लिनीला कळवलं की माझ्याऐवजी माझ्या एका नातेवाइकाला दे. प्लिनीने नाव बदलून दिलं, कारण अजून यादीवर चढलं नव्हतं. अशा पदाला ‘कर्नल’ म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

मग लीजनमध्ये खरं सैन्य कळणारा वरचा माणूस कोण?

छावणीचा प्रिफेक्ट, प्रेफेक्टस कास्ट्रोरम. मानाच्या क्रमाने तिसरा: लेगाटस, रुंद पट्टीचा पोरगा, मग हा. पन्नाशीचा, पोलादी पाठीचा, सेंच्युरियनांच्या शिडीवरून सगळ्यात वर पोचलेला. छावणी कुठे बांधायची, वेढ्याची यंत्रं, दारूगोळा म्हणजे त्या काळचे बाण नि गोळे, दवाखाना, वाहतूक हे सगळं त्याच्याकडे.

इ.स. १४ मध्ये पॅनोनियात (डॅन्यूब नदीकाठचा प्रांत) सैनिकांनी बंड केलं तेव्हा ऑफिडिएनस रूफस नावाच्या अशाच प्रिफेक्टला त्यांनी गाडीतून खाली ओढलं, पाठीवर ओझं लादलं आणि रांगेच्या पुढे चालवलं. ‘कसं वाटतंय एवढं ओझं, एवढं अंतर?’ असं वर विचारत होते. रोमन इतिहासकार टॅसिटस कारणही देतो. हा माणूस स्वतः वर्षानुवर्षं साधा शिपाई होता, मग सेंच्युरियन, मग प्रिफेक्ट. जुनी कडक शिस्त तो परत आणत होता, आणि स्वतः सोसलेलं असल्यामुळे जास्तच निर्दय होता. खालून वर आलेला साहेब खालच्यांना समजून घेतो, हे दर वेळी खरं नसतं.

दुसरी गोष्ट ब्रिटनमधली, इ.स. ६० किंवा ६१ ची. राणी बूडिकाच्या उठावात गव्हर्नर पॉलिनसने दुसऱ्या ऑगस्टा लीजनला बोलावलं. तिची सूत्रं त्या वेळी छावणीचा प्रिफेक्ट पोएनियस पोस्टुमस याच्याकडे होती. तो गेला नाही. बाकीच्यांनी लढाई जिंकली. आपल्या लीजनचा त्या यशातला वाटा आपण बुडवला हे कळल्यावर त्याने स्वतःच्या तलवारीवर देह टाकला.

आजचा जोड शोधायचा तर ब्रिगेडच्या मुख्यालयातला प्रशासन आणि रसद बघणारा ज्येष्ठ कर्नल. पण तो कर्नल सुभेदार मेजर होऊन तिथवर आलेला असायला हवा, आणि तसं आज जवळपास घडत नाही.

सगळे सेंच्युरियन एकाच दर्जाचे होते का?

नाही, आणि नावं ऐकून गोंधळ उडतो. पिलस, प्रिन्सेप्स, हास्टाटस ही तीन नावं, आणि प्रत्येकाला प्रायर म्हणजे आधीचा आणि पोस्टेरियर म्हणजे नंतरचा अशी शेपटी. एकूण सहा, कोहोर्टमागे सहा सेंच्युरियन. ही नावं जुन्या प्रजासत्ताक काळातल्या तीन रांगांवरून उरली आहेत. रांगा मोडून दीड-दोनशे वर्षं झाली तरी पाट्या तशाच राहिल्या. सैन्य अशा बाबतीत सरकारी कचेरीहून वेगळं नसतं.

पहिल्या कोहोर्टचे पाच सेंच्युरियन बाकीच्यांच्या वर, त्यांना ‘पहिल्या रांगा’ म्हणत. त्या पाचांत सर्वांत वर प्रिमस पिलस. लीजनमध्ये असा एकच, साधारण वर्षभरासाठी. युद्धाच्या सल्लामसलतीत त्याला जागा असे.

आता सुरुवातीला म्हटलेली बाब. प्रिमस पिलसचं वर्ष संपलं की त्याला घसघशीत रक्कम मिळे आणि तो इक्वेस्ट्रियन वर्गात जाई. शिपायाच्या घरात जन्मलेला माणूस कागदावर ‘साहेब लोकां’त दाखल होई. भारतीय सैन्यात निवृत्तीच्या तोंडावर निवडक सुभेदार आणि सुभेदार मेजर यांना २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला ऑनररी लेफ्टनंट किंवा ऑनररी कॅप्टन केलं जातं. जन्मभर दुसऱ्या शिडीवर असलेल्या माणसाला शेवटी पहिल्या शिडीवरचं नाव देण्याची ही पद्धत अमेरिकी तक्त्यांत बसत नाही, म्हणून तिथे प्रिमस पिलसचं काय करायचं ते त्यांना सुचत नाही. कुणी त्याला मेजर करतं, कुणी सार्जंट मेजर. आपल्याला हा माणूस नीट ओळखता येतो. एक फरक विसरू नका. आपला ऑनररी कॅप्टन बहुतेकदा घरी जातो. प्रिमस पिलस मात्र पुढे छावणीचा प्रिफेक्ट किंवा रोममधल्या तुकड्यांचा ट्रिब्यून होऊ शकत असे.

सेंच्युरियनच्या हाताखाली कोण कोण असे?

तिघे महत्त्वाचे. ऑप्टिओ हा त्याचा दुय्यम. लढाईत तो सेंच्युरीच्या मागे लांब काठी घेऊन उभा राही आणि मागे सरणाऱ्याला पुढे ढकली. सेंच्युरियन पडला तर सूत्रं त्याच्याकडे. शब्दाचा अर्थ ‘निवडलेला’. ज्याचं नाव सेंच्युरियनपदासाठी लागलेलं असे अशा ऑप्टिओला वेगळं बिरुद होतं, त्याचा अर्थ साधारण ‘पदाच्या आशेवर असलेला’. इतकं प्रामाणिक पदनाम मी दुसरं पाहिलेलं नाही. आजच्या हिशेबात कंपनी हवालदार मेजर त्याच्या जवळ जातो.

सिग्निफर सेंच्युरीचं निशाण वाहून नेई आणि शिपायांच्या बचतीचा हिशेब ठेवी. कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार आणि पतपेढीचा सेक्रेटरी एकत्र केले तर असा माणूस तयार होईल. निशाण सोडून पळणं ही सैन्याची बेअब्रू, आणि पैसे त्याच्याच ताब्यात, ही सांगड ज्याला सुचली तो हुशार होता.

तिसरा टेसेरारियस. रात्रीचा परवलीचा शब्द छोट्या पाटीवर लिहून फिरवणं आणि पहारे लावणं हे त्याचं काम. आजचा गार्ड कमांडर.

आठ जणांच्या तंबूच्या म्होरक्याला डेकानस म्हणतात. हा शब्द व्हेजिटियसच्या उत्तरकालीन ग्रंथातून आपल्याकडे आला आहे. लान्स नाईक किंवा नाईक म्हणा हवं तर. हाच शब्द पुढे मठांत दहा संन्याशांच्या प्रमुखाला लागला आणि तिथून घसरत घसरत मेडिकल कॉलेजच्या डीनपर्यंत पोचला.

साधा शिपाई काय करत असे? सगळे लढतच असत का?

लढाई क्वचित, बांधकाम रोज. रस्ते, भिंती, खंदक, चुनाभट्ट्या. म्हणून शिपायाची पहिली धडपड ‘इम्यूनिस’ होण्याची. इम्यूनिस म्हणजे कष्टाच्या कामातून सूट मिळालेला: मोजणीदार, वैद्यकीय मदतनीस, लोहार, बाण करणारा, शिंगं बनवणारा, खाटीक, शिकारी, कारकून. पगार तोच, पण फावडं सुटे. आजच्या ‘ट्रेड्समन’ची आठवण होते, जरी आज तो कमीपणा मानतात आणि तेव्हा ते भाग्य होतं.

इ.स. १०७ मधलं एक पत्र पपायरसवर टिकलंय. ज्युलियस अपोलिनारिस नावाचा तरुण सैनिक इजिप्तमधल्या वडिलांना लिहितो की बाकीचे दिवसभर दगड फोडतायत, मला मात्र अजून तसलं काही करावं लागलेलं नाही. तो गव्हर्नरलाच भेटला होता, तुमच्या कचेरीत कारकून करा म्हणून. गव्हर्नर म्हणाला, इथे जागा नाही, तोवर लीजनचा कारकून करतो, पुढे बढतीची आशा आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वीचं हे पत्र वाचताना एखाद्या काकाचं अंतर्देशीय उघडल्यासारखं वाटतं.

बढती कशी मिळायची? परीक्षा, बोर्ड वगैरे?

परीक्षा नाही. शिफारस, ओळख, पराक्रम आणि वरची जागा रिकामी होणं.

ट्युनिशियातल्या कासेरीन इथे पेट्रोनियस फोर्टुनाटस नावाच्या सैनिकाच्या भव्य थडग्यावर त्याची अख्खी नोकरी कोरली आहे. एकूण पन्नास वर्षं. पहिली चार वर्षं एका लीजनमध्ये: कारकून, मग टेसेरारियस, ऑप्टिओ, सिग्निफर. त्यानंतर लीजनच्या मताने सेंच्युरियन. मग सेहेचाळीस वर्षं सेंच्युरियनच, तेरा लीजनमध्ये, सीरियापासून ब्रिटनपर्यंत. ऐंशी वर्षं जगला. मुलगाही सैन्यात घातला होता, तो पस्तिसाव्या वर्षी गेला.

चार वर्षांत चार पायऱ्या आणि मग सेहेचाळीस वर्षं एकाच हुद्द्यावर. आजच्या फौजेत हे अपयश ठरलं असतं. त्याने मात्र ते दगडात कोरून घेतलं. कारण सेंच्युरियन हाच मुळी मोठा मान होता, आणि एका लीजनमधून दुसरीत बदली होताना आतल्या आत ज्येष्ठता वाढत असे.

उलट बाजूही आहे. सुखवस्तू घरातला मुलगा एक दिवसही शिपाईगिरी न करता थेट सेंच्युरियन होऊ शके. प्लिनीने आपल्या गावच्या मेटिलियस क्रिस्पस याला असंच पद मिळवून दिलं, वर कपडे-हत्यारांसाठी चाळीस हजार सेस्टर्स दिले. तो निघाला तो गायबच झाला. वाटेत नोकरांनी मारलं की नोकरांसकट लुटारूंनी, हे प्लिनीलाही कधी कळलं नाही.

हुद्दा ओळखायचा कसा? खांद्यावर फित्या होत्या का?

फित्या नव्हत्या. सेंच्युरियनच्या शिरस्त्राणाचा तुरा आडवा, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे. गर्दीतही आपला माणूस कुठे आहे ते मागून दिसावं म्हणून. शिपायाची तलवार उजव्या कमरेला, सेंच्युरियनची डाव्या. छातीवर पदकांच्या चकत्या, पोटऱ्यांवर धातूचं कवच.

आणि हातात द्राक्षवेलीची काठी. आजही फौजेत हातात छडी बाळगतात, पण शोभेपुरती. ती काठी पाठीवर पडत असे. पॅनोनियाच्या त्याच बंडात ल्युसिलियस नावाच्या सेंच्युरियनला सैनिकांनी ठार मारलं. त्याचं टोपणनाव होतं ‘दुसरी आण’. शिपायाच्या पाठीवर काठी मोडली की तो ओरडे, दुसरी आण, आणि मग आणखी एक.

जर्मनीत झांटेन इथे सापडलेला मार्कस केलियसचा स्मृतिदगड आता बॉनच्या संग्रहालयात आहे. अठराव्या लीजनचा हा सेंच्युरियन इ.स. ९ मध्ये सेनापती व्हारसच्या सैन्याबरोबर ट्यूटोबर्गच्या जंगलात पडला, वय त्रेपन्न. दगडावर छातीभर पदकं आणि हातात तीच काठी. देह मिळाला नव्हता. भावाने कोरून ठेवलंय की अस्थी सापडल्या तर इथे ठेवायची मुभा आहे.

पगारात किती फरक असे?

इथे तुलना डोळे उघडते. पहिल्या शतकात लीजनच्या शिपायाला वर्षाला २२५ देनारी मिळत, सम्राट डोमिशियनने ते ३०० केले. ऑप्टिओ, सिग्निफर यांना दुप्पट, टेसेरारियसला दीडपट. सेंच्युरियनच्या पगाराचा थेट आकडा टिकलेला नाही, पण बहुतेक अभ्यासक शिपायाच्या सुमारे पंधरापट धरतात आणि प्रिमस पिलसचा साठपट.

आपल्या सातव्या वेतन आयोगात शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं आणि लष्करप्रमुखांचं २,५०,००० आहे. म्हणजे साडेअकरापट. आज शिपाई आणि लष्करप्रमुख यांच्यात जेवढं अंतर आहे, त्याहून जास्त अंतर तेव्हा शिपाई आणि त्याच्या कंपनी कमांडरमध्ये होतं. ‘सेंच्युरियन म्हणजे फार तर सार्जंट’ असं कुणी म्हणालं की मी हा हिशेब पुढे करतो.

पगार मिठात देत, हे खरं का?

नाही. ‘सॅलरी’चं मूळ मिठाच्या लॅटिन शब्दाशी जोडलेलं आहे, तेवढं खरं. शिपायाच्या पगाराला स्टिपेंडियम म्हणत आणि तो नाण्यांत मोजत.

साहाय्यक तुकड्यांतले हुद्दे वेगळे होते का?

थोडे. या तुकड्यांत नागरिकत्व नसलेले प्रांतीय लोक असत. पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर नागरिकत्व मिळे, त्याचा दाखला काशाच्या पत्र्यांवर कोरून. पायदळाच्या कोहोर्टवर प्रिफेक्ट, आणि लीजनमध्ये हरवलेला आपला सीओ इथे सापडतो: पाचशे माणसं, एक कमांडर, लेफ्टनंट कर्नल म्हणायला हरकत नाही. घोडदळाच्या तीसेक स्वारांच्या टुर्मावर डेक्युरियन. त्याला ट्रूप लीडर म्हणा.

साधा शिपाई सेनापती होऊ शकत होता का?

आपण धरलेल्या पहिल्या दोन शतकांत फारच क्वचित, आणि तेही पिढी बदलून: बाप प्रिमस पिलस, मुलगा इक्वेस्ट्रियन अधिकारी, नातू सिनेटर. पर्टिनॅक्सची गंमत अशी की या मुक्त झालेल्या गुलामाच्या मुलाने आधी सेंच्युरियनपद मागितलं, ते मिळालं नाही, मग साहाय्यक तुकडीचा प्रिफेक्ट म्हणून सुरुवात केली आणि इ.स. १९३ मध्ये सम्राट झाला. तीन महिन्यांत त्याच्याच रक्षकांनी मारला.

तिसऱ्या शतकात बांध फुटला. इ.स. २३५ मध्ये शिपायापासून वर आलेला मॅक्सिमिनस सम्राट झाला. पुढे सम्राट गॅलिएनसच्या काळात सिनेटरांकडून लीजनचं नेतृत्व काढूनच घेतलं. तिथून पुढे लष्कर हा आजच्या अर्थाने पेशा झाला.

त्यानंतरचे हुद्दे आजच्यांशी जास्त जुळतात का?

हो. कॉन्स्टंटाइनच्या सुमारास पायदळाचा आणि घोडदळाचा वेगवेगळा ‘मॅजिस्टर’ आला. हा खराखुरा व्यावसायिक जनरल. सरहद्दीच्या सेनापतीला डक्स म्हणत आणि सम्राटाच्या निकटच्या माणसाला कोमेस, म्हणजे सोबती. युरोपातले ड्यूक आणि काउंट या दोघांचे वंशज, फक्त मधल्या काळात ते छावणी सोडून हवेलीत राहायला गेले.

आधीच्या, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या सैन्याची तुलना मात्र करूच नये असं माझं मत आहे. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की सहा ट्रिब्यून जोडीजोडीने दोन-दोन महिने लीजन चालवत. पाळीपाळीने कमांडर! याला कुठला हुद्दा जोडणार?

हुद्द्याचं नाव तेच राहून काम बदलतं, असं आपल्याकडेही झालंय का?

झालंय की. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पायदळाची उतरंड दिली आहे: दहा माणसांमागे नाईक, पाच नाईकांमागे हवालदार. म्हणजे हवालदाराकडे पन्नास माणसं. आज हवालदार दहा जणांच्या सेक्शनचा कमांडर आणि नाईक त्याचा दुय्यम. नावावरून हुद्दा जुळवायला गेलं की साडेतीनशे वर्षांतच एवढी तफावत पडते. रोमला दोन हजार वर्षं झाली.

नौदलाचं काय?

दुय्यम मानलं जाई. आरमाराचा प्रमुख इक्वेस्ट्रियन प्रिफेक्ट. थोरला प्लिनी मिसेनमच्या आरमाराचा प्रिफेक्ट असतानाच इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. जहाजाच्या कप्तानाला ट्रायरार्क म्हणत.

हे सगळे आकडे, ८०, ४८०, पाच हजार, प्रत्यक्षात भरलेले असत का?

तक्ते करणाऱ्यांनी हा प्रश्न आधी विचारायला हवा. ब्रिटनच्या उत्तरेकडच्या विंडोलँडा किल्ल्यात लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेले दस्तऐवज सापडले. त्यांत इ.स. ९० च्या दशकातला, ‘पहिली टुंग्रियन’ या साहाय्यक कोहोर्टचा १८ मेचा हजेरी अहवाल आहे. एकूण माणसं ७५२, सेंच्युरियन सहा. त्यांतले गव्हर्नरच्या संरक्षणाला ४६, शेजारच्या कोरिया ठाण्यावर ३३७, एक सेंच्युरियन लंडनला. बाकीचे इकडे-तिकडे पांगलेले. किल्ल्यात हजर २९६. त्यांतून आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. कामाला उभे राहू शकतील असे २६५, आणि त्यांच्यावर सेंच्युरियन फक्त एक.